साहेब गाडी लावून येऊन राहिले का?

माझ्या वयाच्या बायका गुडघे बदलून घेतात, मी गिअर बदलायला शिकले. हे वाक्य मी ओळखीच्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता कोणी हसत नाही. मला मात्र अजून हसू येतं. एकट्या माणसाला आपले विनोद पुरवून पुरवून वापरावे लागतात.

मी नागपुरात हुडकेश्वरला राहते. आम्ही घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला तुरीचं शेत होतं. आता चारी बाजूंना प्लॉट पडलेत, निम्मी घरं बांधून झालीत आणि उरलेल्या निम्म्यांची रेती रस्त्यावर असते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगी, ती पुण्याला. जावईही तिकडचाच, दोघं कामात गळ्यापर्यंत बुडालेली. चार खोल्या, एक झोपाळा आणि मी, असा सध्याचा हजेरीपट आहे.

मुलगी रोज फोन करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गच्चीवर चढली नाहीस ना, हे सगळं झालं की शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. "आई, आता इकडं येऊन राहा."

या "येऊन राहा"शी माझं जुनं भांडण आहे. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडं येऊन राहणं म्हणजे आधी येणं आणि मग राहणं. नागपुरात तसं नाही. इथं "मी येऊन राहिलो" म्हणजे मी येतो आहे, वाटेत आहे, अजून पोचलेलो नाही. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात घरमालकांच्या फोनवर यजमानांचा निरोप आला म्हणून मी खाली पळत गेले. पलीकडून आवाज आला, "अवं, मी येऊन राहिलो." मी विचारलं, "कोणाकडं?" तर म्हणाले, "कोणाकडं म्हणजे?" आणि फोन कट झाला. मला वाटलं, हे कोणाकडं तरी जाऊन राहिले, आज काही येत नाहीत. मी जेवून घेतलं, दाराला आतून कडी घातली आणि पुस्तक वाचत पडले. तासाभरानं दार वाजायला लागलं. मी बराच वेळ उघडलं नाही, कारण घरात एकट्या बाईनं कसं वागायचं ते आईनं नीट शिकवून पाठवलं होतं. शेवटी बाहेरून आवाज आला, "काहून वं, लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात घरातून काढून राहिली का मले?"

ही गोष्ट त्यांनी पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली. मी त्याचा सूड वह्यांवर उगवला. पोरं निबंधात "बस येऊन राहिली होती" असं लिहायची आणि मी लाल शाईनं "येत होती" करायचे. चालू काळ शिकवताना फळ्यावर लिहायचे, क्रिया सुरू आहे, पूर्ण झालेली नाही. घरी यजमानांनाही बत्तीस वर्षं सुधारत राहिले, पण हा एक विद्यार्थी शेवटपर्यंत नापास झाला आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्यांची नोकरी शेवटची काही वर्षं मौद्याकडं होती. रोज आमची जुनी गाडी घेऊन जायचे. परत निघाले की कन्हानच्या पुलाअलीकडं एका चहाच्या टपरीवर थांबायचे आणि तिथून फोन करायचे.

"येऊन राहिलो."

"लावते भात."

एवढंच बोलणं. त्यांचा चहा, मग रस्ता, मग टोलनाका, मग रिंगरोडवरची ट्रकांची रांग, हे सगळं होऊन ते अंगणातल्या नळावर पाय धुवायचे तेव्हा कुकरचं झाकण उघडायला आलेलं असायचं. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. महालच्या बाजारातून मसाला घेऊन निघाले तरी फोन, "येऊन राहिलो." माझं घड्याळ भिंतीवर नव्हतंच, ते त्या फोनमध्ये होतं.

ते गेले तो प्रसंग थोडक्यात सांगते, लांबवून सांगणं मला जमत नाही. छातीत दुखलं म्हणून आठवडाभर दवाखान्यात होते. बरे झाले, सुट्टी मिळाली. मी घर झाडायला आणि स्वयंपाक करायला पुढं आले होते, माझे दीर कागदपत्रं करत होते. अकरा वाजता यजमानांचा फोन आला, आवाज एकदम ठणठणीत. "सुट्टी झाली. येऊन राहिलो." मी म्हणाले, "लावते भात." भात झाला, वाफ जिरली, आणि मग दिरांचा फोन आला. गाडीत बसतानाच गेले होते.

त्यानंतर मला भात कधी लावायचा ते कळेनासं झालं. कधी दहालाच जेवून मोकळी व्हायचे, कधी चार वाजता लक्षात यायचं की आज काही खाल्लेलंच नाही. मुलीला हे कळू दिलं नाही. त्यांची गाडी तिनं आणि जावयानं महिन्याभरात विकून टाकली, चालवणारं कोणी नव्हतं म्हणून. मी हो म्हणाले. अंगणात गाडीच्या चाकांचे दोन पट्टे पडले होते, ते काही विकता आले नाहीत.

मग गेल्या मे महिन्यात मी एक चूक केली. डोळे तपासायला सीताबर्डीकडं गेले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर. परत येताना ऑटोवाल्यानं मुख्य रस्त्यावरच सोडलं. म्हणाला, "आतमंदी रस्ता खोदून हाये काकू, नाई येत मी." भर दुपार, डोक्यावर पदर, हातात पिशवी, मी चालत निघाले. वाटेत चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले ते उठताच येईना. दुकानदारानं पाणी दिलं, शेजारणीनं घरी आणून सोडलं, आणि ते करतानाच तिनं मुलीला फोन लावला. शेजारणीचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूची माणसं फोन फार लवकर लावतात.

त्या संध्याकाळी मुलगी रडली आणि मग चिडली. रडली ते मी सहन केलं असतं. "दोनच गोष्टी," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत गाडी शिक आणि चांगली सुरक्षित गाडी घे. नाहीतर घर भाड्यानं दे आणि इकडं येऊन राहा. तिसरं काही मी ऐकणार नाही." तिला खात्री होती की साठीची आई पहिल्या अटीच्या वाटेला जाणार नाही. मलाही होती. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

पुण्याला काय वाईट होतं? काहीच नाही. अकराव्या मजल्यावर माझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती, खिडकीतून टेकडी दिसायची. जावई तर सोन्यासारखा. पण तिथं गेले की मी दोन दिवसांत पाहुणी होते आणि चौथ्या दिवशी अडचण होते. कोणी तसं दाखवत नाही, मलाच दिसतं. आणि दुसरं, जे मी कोणाला सांगितलं नाही, ते असं की या घरात मी अजून कोणाची तरी वाट बघत होते. खुळेपणा आहे, मला कळतं. पण वाट बघायची तर पत्ता बदलून चालत नाही.

ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. पहिल्या दिवशी म्हणाले, "काकू, टेन्शन घ्याचं नाई. तुम्ही ठोकली तरी आपण ठोकू, दोघं मिळून." क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. मागून हॉर्नचा गोंधळ. बत्तीस वर्षं पोरांना "घाबरू नका, पुन्हा लिहा" म्हणत आले आणि स्वतः मात्र स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटून बसायचे. एकदा मानेवाड्याच्या चौकात ते ओरडले, "काकू, ब्रेक मारा ना! म्हैस येऊन राहिली!" मी ब्रेक मारला आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते घाबरून म्हणाले, "काहून हसून राहिल्या तुम्ही?" आता त्यांना काय सांगणार, की हे क्रियापद तीन वर्षांत माझ्यासाठी कोणी वापरलं नव्हतं आणि वापरलं तेही म्हशीसाठी.

लायसन्स मिळालं. मग गाडीची निवड.

जावयानं एक यादी पाठवली. सहा एअरबॅग हव्यात, धडक चाचणीत तारे चांगले हवेत, जोरात दाबले तरी चाकं न घसरणारे ब्रेक हवेत, चढावर गाडी मागं न जाण्याची सोय हवी. हुडकेश्वरला मी चढ कुठून आणणार होते? यादीच्या शेवटी होतं, मागच्या सीटवर लहान बाळाची खुर्ची अडकवायची कडी हवी. मी मुलीला विचारलं, "हे काय आहे? काही बातमी आहे का?" ती म्हणाली, "आई, ती सगळ्या याद्यांत असते."

माझी यादी वेगळी होती. मी जेमतेम पाच फूट, तेव्हा बसल्यावर बॉनेटचं टोक दिसलं पाहिजे. समोरच्या काचेच्या बाजूचा खांब जाड नको, कारण शिकवणाऱ्यांनी बजावून सांगितलं होतं, "त्या खांबाच्या मागं अख्खा स्कूटरवाला लपते काकू, बायकोलेकरं धरून." गाडी एवढी लहान हवी की महालातल्या गल्लीत शिरली तर परतही निघावी. आणि रंग असा हवा की ट्रकवाल्याला दुरून दिसावा. नव्या माणसानं पांढरी गाडी घेऊन ढगात मिसळू नये.

पहिल्या शोरूममध्ये मी एकटीच गेले. काचेचं दार आपोआप उघडलं, गार वारा अंगावर आला. गळ्यात निळा स्कार्फ बांधलेली, माझ्या मुलीच्या वयाची एक विक्रेती पुढं आली. माझ्याकडं बघून छान हसली आणि लगेच तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं गेली.

"या ना मॅडम, बसा. साहेब गाडी लावून येऊन राहिले का?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले, हे मी पुढं कित्येक दिवस स्वतःला विचारलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. प्रश्न कानात शिरला आणि उत्तर तोंडातून निघून गेलं, मधे मी नव्हतेच. साहेब येऊन राहिले का? हो, येऊनच राहिलेत. दवाखान्यातून निघाल्यापासून येऊन राहिलेत. क्रिया सुरू आहे, पूर्ण झालेली नाही.

तिनं मला सोफ्यावर बसवलं. दोन कप चहा आला. एक माझ्यापुढं, एक शेजारच्या रिकाम्या जागेपुढं. मी म्हणाले, "तुम्ही सांगा ना गाडीबद्दल." ती म्हणाली, "साहेबांले येऊ द्या मॅडम, मग सांगते सगळं. नाहीतर दोनदा सांगा लागते." समोरच एक लहानशी लाल गाडी उभी होती, अगदी मी मनात काढलेली. तिचं नाक बुटकं, खांब बारीक. मी तिच्याकडं बघत चहा प्याले. दार उघडलं की विक्रेती मान वर करून बघायची. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही बघायचे. एक जोडपं आलं, एक कुरियरवाला आला, एकदा नुसतंच उघडलं आणि मिटलं. वीस मिनिटांनी दुसऱ्या कपावर साय धरली. मी उठले आणि म्हणाले, "त्यांना कामाचा फोन आला असेल. आम्ही पुन्हा येऊ." ती म्हणाली, "नक्की या मॅडम, दोघं मिळून."

ऑटोत बसल्यावर मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. मराठीच्या शिक्षिकेला येतात तेवढ्या सगळ्या.

त्या शोरूममध्ये परत तोंड दाखवायचं नाही असं ठरवून मी दुसरीकडं गेले. तिथं त्यांनी विचारलं, "फॅमिली किती मोठी आहे?" मी म्हणाले, "एक." तो माणूस म्हणाला, "एक काय?" तिथली गाडी उंच होती, आत बसलं की मी विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी दिसायचे. तिसऱ्या ठिकाणी गाडी बरी होती पण काचेजवळचा खांब असा जाड की अख्खं चौकातलं झाड नाहीसं व्हायचं. विकणारा मला पुन्हा पुन्हा छतातली खिडकी उघडून दाखवत होता. नागपूरच्या उन्हाला घरात घ्यायला मी खिडकी उघडीन, असं त्याला कशावरून वाटलं? घरी येऊन मी जावयाची यादी आणि माझी यादी शेजारी ठेवली. दोन्हींत बसणारी एकच गाडी होती आणि ती त्या निळ्या स्कार्फच्या मागं उभी होती. दिवाळीला महिना उरला होता.

मुलीनं फोनवर विचारलं, "मिळाली का गाडी?" मी म्हणाले, "बघतेय." ती म्हणाली, "आई, नसेल जमत तर नको ना गं. खोली तयार आहे." तिच्या आवाजात समजूत होती. मला राग परवडतो, समजूत परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तेच दार, तोच गार वारा. विक्रेतीनं लगेच ओळखलं.

"आज तरी साहेब आले का, मॅडम?"

"साहेब येणार नाहीत," मी म्हणाले. "साहेब नाहीत. त्या दिवशीही नव्हते. तीन वर्षं झाली. गाडी मी घेणार आहे आणि मीच चालवणार आहे."

मला वाटलं होतं मी हळू बोलले. पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज तो, सगळं शोरूम वळून बघायला लागलं. आणि मला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. साहेब येणार नाहीत. तीन वर्षांत हे वाक्य मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मी टेबल धरलं.

ती विक्रेती लाल झाली. पण तिनं माफी मागितली नाही, हळहळली नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. ती म्हणाली, "मग चला, बसून पाहा." तिनं लाल गाडीचं दार उघडलं, वाकून सीटचा दांडा ओढला, सीट वर केली, पुढं घेतली, पुन्हा थोडी वर केली. "पाय पुरून राहिले ना?" मी म्हणाले, "पुरताहेत." समोर पाहिलं तर बॉनेटचं टोक दिसत होतं, आणि खांबाच्या बाजूला उभा असलेला वॉचमनही अख्खा.

गिअर शिकले असले तरी तिनं मला बिनाक्लचची गाडी चालवून बघायला लावली. "डावा पाय मोकळा, लक्ष रस्त्यावर," ती म्हणाली. खरंच तसं होतं. मी तीच घेतली. म्हणजे सुरुवातीचं ते गुडघ्यांचं आणि गिअरचं वाक्य आता अर्धंच खरं आहे, पण चांगलं जमलंय म्हणून ठेवलंय.

चक्कर मारून परत येताना मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मला असं का विचारलंत?" ती शेजारी बसून पट्टा सोडवत होती. "काय आहे ना मॅडम, बाया एकट्या येतच नाई इथं. आल्या तरी मागून कोणीतरी येऊनच राहते." मग म्हणाली, "आता नाई विचारणार कोणाले."

गाडी घरी न्यायच्या दिवशी त्यांच्याकडं एक पद्धत आहे. गाडीवर लाल मखमल घालतात, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देतात आणि कुटुंबाचा फोटो काढतात. मी किल्ली धरून उभी राहिले. फोटो काढणारा म्हणाला, "बाकीच्यांले बोलवा ना मॅडम." मग ती विक्रेती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, चहा देणाऱ्या मावशी उजव्या बाजूला, आणि वॉचमन उगाचच मागं. असा आमचा कुटुंबाचा फोटो निघाला. मुलीला पाठवला तर तिचा उलट निरोप आला, "आई, ही माणसं कोण?" मी लिहिलं, "नातेवाईक."

तिला वाईट वाटलं असणार. फोन केला तेव्हा आवाज बसलेला होता. "मी यायला हवं होतं," म्हणाली. मी म्हणाले, "सुट्टी कुठं होती तुला?" पण यायला हवं होतं, हे खरंच. मलाही तसंच वाटत होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

तरी ती बधली नाही. "घरातल्या घरात काय, कॉलनीत कोणीही चालवतं," तिनं ताणून धरलं. "एकदा शहराबाहेर जाऊन ये, धड परत ये. मग मी येऊन राहा म्हणणार नाही. कधीच नाही." कुठं जायचं ते ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी मौद्याला निघाले. रिंगरोडला ट्रक दोन्ही बाजूंनी अंगावर आल्यासारखे जात होते, मी माझी डावी बाजू धरून, तोंडानं रामरक्षा आणि मनात क्लच नसल्याचं समाधान, अशी चालले होते. भंडारा रोडला लागल्यावर हात जरा सैल झाले. टोलनाक्यावरच्या मुलीनं खिडकीतून वाकून आत पाहिलं, बाकी कोणी आहे का ते. दुरून मौद्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या. त्या चिमण्या मी आयुष्यात दोनदाच पाहिल्या होत्या, आणि हे रोज पाहायचे. गावात गाडी वळवली आणि परत निघाले.

पुलाअलीकडं टपरी होती. तीच असेल का, मला माहीत नाही, मी कधी पाहिलेली नव्हती. मी गाडी कडेला नीट लावली आणि चहा घेतला. समोर रस्ता, पलीकडं नदीचं वाळूचं पात्र, धूळ, ऊन. तर इथं उभे राहून हे फोन करायचे. इतकी वर्षं मी या फोनच्या फक्त एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला काय असतं ते आज दिसलं. माणूस कडेला उभा असतो, चहा संपत आलेला असतो, आणि घरी कोणीतरी आहे या भरवशावर तो खिशातून फोन काढतो.

मीही काढला. सवयीनंच काढला. आणि मग लक्षात आलं, मी निघाले हे कोणाला सांगू? घराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी टपरीच्या बाकावर बसले आणि रडले. चहावाल्यानं दुसरीकडं तोंड फिरवून कपबश्या धुतल्या.

फोन हातातच वाजला. मुलगी.

"आई, कुठं आहेस? जीव टांगणीला लागलाय इथं माझा. कुठवर आलीस?"

मी डोळे पुसले. सगळं आयुष्य लाल शाईनं खोडलेलं वाक्य तोंडात आलं आणि मी ते येऊ दिलं.

"कन्हानच्या पुलाजवळ. येऊन राहिली."

मला वाटलं, फोन कटला. मग पुण्याच्या अकराव्या मजल्यावरून, जिथं ती गेली पाच वर्षं जिभेवरून नागपूर घासून काढत होती, तिथून बारीक आवाज आला.

"मी भात लावून राहिली मग."

मी म्हणाले, "अगं, तू कशाला? तू तिकडं..."

"लावून राहिली म्हटलं ना. तू ये हळूहळू."

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. ट्रक होते, टोलनाका होता, मानेवाड्याला म्हैस होती. अंगणात गाडी त्या जुन्या दोन पट्ट्यांवर बरोबर बसली नाही, ही गाडी अरुंद आहे. नळावर पाय धुतले, कुलूप काढलं. आत घरात सकाळची चहाची बशी तशीच पडली होती. पंखा लावला आणि तिला फोन केला.

"पोचले."

"पोचलीस? बरं." मग नाक ओढल्याचा आवाज. "भात झाला माझा."

"जेवून घे मग, गरम आहे तोवर."

"तू?"

"मी आता लावते."

"लाव," ती म्हणाली. "आणि तिथंच राहा तू. मी नाही आता काही म्हणत. पण कुठूनही निघालीस की फोन करत जा."

मी एक वाटी तांदूळ धुतले, कुकर चढवला. फोन ओट्यावर उताणा ठेवला. तिनं तो बंद केला नाही आणि मीही केला नाही. तिच्याकडून ताट वाढल्याचा आवाज येत होता. दोघींनी काही बोलायचं ठरवलं नव्हतं. तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही तशाच थांबलो.